पगार वाढला आणि विमा थांबला : एका सिकलसेलग्रस्त कंत्राटी कामगाराचे प्रकरण

एका दिव्यांग कामगाराचा पगार जून २०२४ मध्ये दरमहा २१,००० रुपयांच्या वर गेला आणि ज्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर तो होता त्याने त्याच महिन्यापासून त्याची कर्मचारी राज्य विम्याची (ई.एस.आय., म्हणजेच कामगार विम्याची) कपात बंद केली, एवढीच या प्रकरणातली मूळ घटना आहे. वरवर पाहता ती नियमाला धरून वाटते, कारण या विम्यासाठीची पगाराची २१,००० रुपयांची मर्यादा ठेकेदारांना आणि कामगारांना तोंडपाठ असते. प्रत्यक्षात ती दोन वेगवेगळ्या नियमांच्या विरुद्ध होती. त्यांपैकी एक नियम खास दिव्यांग कामगारांसाठी केलेला असूनही तो ना या तरुणाला ठाऊक होता, ना ठेकेदाराच्या कारकुनाला. कागदपत्रांच्या कामात मी या कुटुंबासोबत होतो. तरुणाच्या इच्छेनुसार त्याचे नाव, गाव, कंपनी आणि ठेकेदार यांचा उल्लेख येथे केलेला नाही.

आजार, प्रमाणपत्र आणि नोकरी

हा तरुण वर्धा जिल्ह्यातला, नागपूर–चंद्रपूर महामार्गापासून आत असलेल्या एका खेड्यातला आहे. घरी आईवडील, पत्नी आणि अंगणवाडीत जाणारी मुलगी आहे. तीन एकर कोरडवाहू शेतीत कपाशी आणि तूर होते. त्याला सिकलसेलचा एसएस प्रकार आहे, म्हणजे तो केवळ वाहक नसून प्रत्यक्ष रुग्ण आहे. विदर्भात हा आजार आदिवासी समाजांत, अनुसूचित जातींत आणि काही इतर मागास समाजांतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तरीही अनेक घरांत लहान मुलाच्या असह्य हातपायदुखीला वर्षानुवर्षे वाताचे दुखणे समजले जाते, आणि या घरातही तसेच झाले होते. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला प्राणवायू पोहोचत नाही आणि वेदनेचा झटका येतो. थंडी, ताप, अतिश्रम आणि अंगातले पाणी कमी होणे ही झटक्याची नेहमीची निमित्ते आहेत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्यास झटके कमी होतात, मात्र त्यासोबत ठरावीक काळाने रक्ततपासणी करत राहावी लागते. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा असाच तुटत राहिला तर ते हाड झिजून मरू लागते आणि ऐन तरुणपणी खुब्याचा सांधा निकामी होतो. या तरुणाचा डावा खुबा त्याच मार्गावर होता, हे पुढे २०२४ मध्ये तपासणीत दिसले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात ते एकवीस झाले आणि सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे आजार त्यात पहिल्यांदाच आले. त्या आधारावर या तरुणाला २०१९ च्या सुरुवातीला ४५ टक्के दिव्यांगत्वाचे, पाच वर्षांच्या मुदतीचे प्रमाणपत्र मिळाले. त्या प्रमाणपत्रावर त्याला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळू लागले. त्याने आयटीआयमधून वीजतंत्री हा अभ्यासक्रम पूर्ण केला होता, परंतु नोकरी मात्र बरीच वर्षे मिळाली नाही. सरकारी नोकरीतले दिव्यांगांचे चार टक्के आरक्षण त्याला उपयोगी पडले नाही, कारण कायद्याच्या कलम ३४ मध्ये जे गट मोजून दिले आहेत त्यांत अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, बौद्धिक व मानसिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व यांचा समावेश आहे. रक्ताच्या आजारांचा नाही. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के जागांसाठी सिकलसेलचा विद्यार्थी पात्र ठरतो, पण शिकून बाहेर पडल्यावर नोकरीच्या आरक्षणातून तोच वगळला जातो. ही विसंगती कायद्यातच असल्याने ती कोणत्याही कार्यालयात अर्ज करून सुटत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत विद्युत देखभालीचे काम मिळाले. पगार १३,८०० रुपये होता आणि महामार्गाच्या चौरस्त्यावरून कंपनीची बस मिळत असे. निराधार योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. या पगाराने ती सहज ओलांडली जात होती. गावात त्याला अनेकांनी सल्ला दिला की हजार रुपये येतात ते येऊ द्यावेत, कोण पाहायला येते. त्याने तहसील कार्यालयात अर्ज देऊन अनुदान बंद करून घेतले. माझ्या मते त्याने केले ते योग्यच होते, आणि त्याचा फायदाही पुढे झाला, कारण नंतरच्या प्रत्येक अर्जात त्याचे उत्पन्न, नोकरी आणि दिव्यांगत्व या तिन्ही नोंदी एकमेकींशी जुळत होत्या.

अनुदान बंद झाले तेव्हा आईची समजूत अशी झाली की आता सरकारी औषधही बंद होणार. ही समजूत या भागात फार खोल रुजलेली आहे, आणि तिच्यामुळे कित्येक दिव्यांग तरुण नोंदणीकृत नोकरी टाळून मजुरीवर राहतात. वस्तुस्थिती अशी की निराधार अनुदान, शासकीय रुग्णालयातले उपचार, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि कामगार विमा या चार वेगवेगळ्या व्यवस्था आहेत आणि त्यांच्या पात्रतेच्या अटीही वेगवेगळ्या आहेत. उत्पन्न वाढल्याने यांतली पहिली बंद होते. शासकीय रुग्णालयात सिकलसेलच्या रुग्णाला मिळणारे हायड्रॉक्सियुरिया किंवा शासकीय रक्तपेढीतले रक्त उत्पन्नाच्या दाखल्यावर अवलंबून नाही. जन आरोग्य योजना पूर्वी शिधापत्रिकेच्या रंगावर ठरत असे, पण २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण त्यात आहे. चौथी व्यवस्था, म्हणजे कामगार विमा, तर नोकरी लागल्यावरच सुरू होते.

पाच लाखांची योजना हाताशी असताना कामगार विम्यासाठी एवढा आटापिटा कशाला, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. कामगार विम्यात बाह्यरुग्ण तपासणी, रोजची औषधे आणि तपासण्या येतात. पत्नी, मूल आणि अवलंबून असलेले आईवडील येतात. आणि मुख्य म्हणजे आजारपणात बुडालेल्या पगाराची काही भरपाई येते. या घरात आईची रक्तदाबाची आणि वडिलांची मधुमेहाची औषधे २०२२ पासून कामगार विम्याच्या दवाखान्यातून येत होती. सिकलसेलच्या कामगाराचे खाडे तर अटळच असतात, त्यामुळे पगाराच्या भरपाईचे मोल त्याला इतरांपेक्षा अधिक आहे.

शून्य झालेला रकाना

एप्रिल २०२३ पासून त्याचा पगार २०,४०० रुपये झाला होता. त्यावर कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का म्हणजे १५३ रुपये आणि मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के म्हणजे ६६३ रुपये जात होता. जून २०२४ मध्ये त्याला एका विभागाची जबाबदारी मिळून पगार २२,६०० झाला. त्या महिन्याच्या पगाराच्या पावतीवर भविष्य निर्वाह निधीचा रकाना पूर्वीसारखाच होता, व्यवसाय कराचे २०० रुपये होते, आणि दोहोंच्या मधल्या ‘ई.एस.आय.’ या रकान्यात शून्य होते. हातात येणारी रक्कम वाढलेली असल्याने त्या शून्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

लक्ष न जाण्याचे दुसरे कारण विम्याच्या रचनेत आहे, आणि ते प्रत्येक विमाधारकाने समजून घेण्यासारखे आहे. या योजनेत अंशदानाचे, म्हणजे कामगार आणि मालक भरतात त्या हिश्श्याचे, वर्षात दोन कालावधी असतात : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्या कालावधीत भरलेल्या अंशदानाचा लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जून या काळात मिळतो आणि दुसऱ्याचा १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात. आजारपणाच्या लाभासाठी संबंधित अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. या तरुणाचे ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ चे अंशदान पूर्ण भरलेले होते, त्यामुळे डिसेंबर २०२४ अखेरपर्यंत त्याचे कार्ड विनातक्रार चालले. ऑगस्टमध्ये खुब्याचे एमआरआय झाले ते याच कार्डावर, आणि सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया फेब्रुवारीत करावी असा सल्लाही याच कार्डावर मिळाला. एप्रिल ते सप्टेंबर २०२४ या कालावधीत मात्र फक्त एप्रिल आणि मे या दोनच महिन्यांचा भरणा झाला होता. ते दिवस एकही खाडा न धरता ६१ होतात, ७८ होत नाहीत. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कपातबंदीचा परिणाम जानेवारीत दिसणार होता, ऐन थंडीत, शस्त्रक्रियेच्या तोंडावर, आणि तोही केवळ या तरुणावर नाही तर आईच्या आणि वडिलांच्या गोळ्यांवरही.

ही गोष्ट नोव्हेंबरमध्ये उघड झाली. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची पाच वर्षांची मुदत त्याच वर्षाच्या सुरुवातीला संपली होती आणि खुब्याची हालचाल मर्यादित झाल्याने नव्याने मूल्यमापन करून घेणे आवश्यक होते. त्यासाठी जुनी कागदपत्रे काढताना वर्षभराच्या पगाराच्या पावत्या समोर ठेवल्या गेल्या, आणि मेच्या पावतीवर १५३ व जूनच्या पावतीवर शून्य हा फरक डोळ्यांत भरला. विमाधारकाच्या ऑनलाइन खात्यातही मे महिन्यानंतर भरणा दिसत नव्हता. ठेकेदाराच्या कार्यालयात विचारणा केली तेव्हा तिथल्या कारकुनाने मनापासून धीर दिला : “कार्ड तं चालू हाये न जी, काहून चिंता करता?” त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. कार्ड खरोखरच चालू होते. ते कोणत्या महिन्यांच्या भरण्यावर चालू आहे हे त्याला माहीत नव्हते.

दोन नियम

पहिला नियम सर्व कामगारांना लागू होतो. अंशदान कालावधीच्या मध्येच पगार मर्यादेबाहेर गेला तरी त्या कालावधीच्या अखेरपर्यंत विमा चालू ठेवावाच लागतो. पगार जूनमध्ये वाढला असल्याने ३० सप्टेंबरपर्यंत कपात थांबवण्याचा अधिकार ठेकेदाराला नव्हता, कामगार दिव्यांग असो वा नसो.

दुसरा नियम १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. त्या दिवशी सर्वसाधारण कामगारांसाठी पगाराची मर्यादा २१,००० रुपये झाली आणि दिव्यांग कामगारांसाठी ती २५,००० रुपये ठेवण्यात आली. कर्मचारी राज्य विमा (केंद्रीय) नियमांतल्या नियम ५० मध्ये ही तरतूद आहे. मर्यादा तपासताना ओव्हरटाइमची रक्कम धरली जात नाही. अंशदान मात्र तेव्हा त्या रकमेवरही भरावे लागत असे. २२,६०० रुपये पगाराचा हा तरुण १ ऑक्टोबरनंतरही विम्यात राहण्यास पात्र होता. अट एकच होती : तो दिव्यांग असल्याची नोंद असायला हवी होती, आणि ती कुठेच नव्हती.

विमाधारकाची नोंदणी करताना दिव्यांगत्वाची माहिती भरण्याची सोय असते. २०२१ मध्ये ठेकेदाराच्या कार्यालयात ती जागा रिकामी राहिली, कारण या तरुणाने आपला आजार सांगितलाच नव्हता. त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. गेटवरच्या वैद्यकीय तपासणीत ‘सिकलसेल’ हा शब्द निघाला की पुढचा निरोप येत नाही, असा त्याच्या ओळखीच्या दोघांचा अनुभव होता. गावात तर लग्न जुळवताना हा आजार घरोघरी दडवला जातो. तीन वर्षे तो झटक्याच्या दिवशी घरी पाहुणे आले आहेत, बैल आजारी आहे, अशी कारणे सांगून खाडे करत राहिला. खिशात हायड्रॉक्सियुरियाची पट्टी घेऊन जाणे टाळायचे म्हणून औषध रात्री घ्यायचे, पाणी सारखे प्यावे लागते हे कोणाला जाणवू नये म्हणून कूलरपाशी थोडे थोडे जायचे, आणि थंडीच्या दिवसांतली रात्रपाळी नाकारायची नाही, अशी त्याची रीत बसली होती. यातली शेवटची गोष्ट त्याच्या खुब्याला किती महागात पडली हे मोजता येत नाही, पण पडली असणार.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते, आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांग कामगारांना कोणत्या सोयी दिल्या जातील हे नमूद करायचे असते. असे धोरण फलकावर लागलेले असते आणि भरतीच्या वेळी कोणीतरी ते वाचून दाखवले असते, तर माहिती देण्याची भीती कदाचित कमी झाली असती. या कारखान्यात ते धोरण कुठे लावलेले आहे हे विचारूनही कोणाला सांगता आले नाही.

कागदावर २०,९००

ठेकेदाराने चूक मान्य करण्याआधी एक तोड सुचवली, आणि या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा क्षण तोच होता. पगाराच्या पावतीवर २०,९०० रुपये दाखवायचे, उरलेले १,७०० रुपये रोख हातात द्यायचे, म्हणजे विमा पुन्हा सुरू होईल आणि कोणाचेच नुकसान होणार नाही, अशी ती तोड होती. वडिलांना ती पटली. तरुणही जवळजवळ तयार झाला होता, कारण तिच्यात दिव्यांगत्व उघड करण्याची गरज उरत नव्हती.

ही तोड विदर्भातल्या कारखान्यांत आणि जिनिंगांत नवी नाही, म्हणून तिचे परिणाम नीट सांगितले पाहिजेत. आजारपणाचा लाभ सरासरी दैनिक पगाराच्या ७० टक्के असतो. कागदावरचा पगार कमी दाखवला की तो लाभही कमी होतो. रोख दिलेल्या रकमेची कुठेही नोंद नसल्याने ती कोणत्याही महिन्यात बंद करता येते आणि कामगाराला दाद मागता येत नाही. पुढची प्रत्येक वेतनवाढ त्याच रोख रकमेत मिळवावी लागते. आणि तपासणीत हे उघडकीस आले तर खोट्या नोंदीत कामगाराचीही सही असते. हे सारे कशासाठी, तर कायद्याने आधीच दिलेला ४,००० रुपयांचा जादा वाव वापरायचा नाही म्हणून. हे त्याच्यासमोर मांडल्यावर त्याने रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी पत्नीला सोबत घेऊन सांगितले की आजार आता लपवायचा नाही. पत्नीचे म्हणणे त्याच्याहूनही स्पष्ट होते : शस्त्रक्रियेनंतर काठी घेऊन कामावर जाणारच आहे, मग तेव्हा काय सांगणार?

दुरुस्ती

नोव्हेंबरच्या अखेरीस नवे मूल्यमापन झाले. सिकलसेल आणि खुब्यामुळे आलेले अस्थिव्यंग मिळून ५८ टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले. त्यानंतर ठेकेदाराला लेखी अर्ज देण्यात आला आणि त्याची प्रत कंपनीला देण्यात आली. कंपनीला प्रत देणे महत्त्वाचे होते, कारण १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम ४० नुसार ठेकेदाराच्या कामगाराचे अंशदान भरण्याची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर, होती. (येथे दिलेली या कायद्याची कलमे तेव्हा लागू असलेली आहेत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.) ठेकेदाराने तीन पत्रांना उत्तर दिले नव्हते, कंपनीच्या मनुष्यबळ विभागातून एक फोन गेल्यावर त्याचा माणूस फाइल घेऊन आला.

त्याचे दोन आक्षेप होते. जूनपासूनच्या कामगाराच्या हिश्श्याची रक्कम आता एकरकमी कापून घेऊ, हा पहिला. कायद्याने ते करता येत नाही. ज्या महिन्याचे अंशदान त्याच महिन्याच्या पगारातून ते कापता येते, नंतरच्या पगारातून नाही, त्यामुळे राहिलेला हिस्सा मालकालाच सोसावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक जड होता : १ ऑक्टोबरला जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती आणि नवे नोव्हेंबरचे आहे, मग मधल्या काळात हा कामगार दिव्यांग होता कशावरून? सिकलसेल हा जन्मापासूनचा आजार आहे आणि प्रमाणपत्राची मुदत संपल्याने तो बरा होत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. तरीही कार्यालयाला कागद लागतो. जुने प्रमाणपत्र, दोन्ही प्रमाणपत्रांना समान असलेला दिव्यांग ओळख क्रमांक आणि मधल्या काळातली उपचाराची नोंद एकत्र जोडल्यावर कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या कार्यालयाने या प्रकरणात ती सलगता मान्य केली. दुसऱ्या प्रकरणात असेच होईल असे धरून चालू नये. तात्पुरते प्रमाणपत्र असलेल्या प्रत्येक कामगाराने मुदत संपण्याच्या चार-सहा महिने आधीच नूतनीकरणाला लागावे, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन.

मालकाच्या वाढीव खर्चाचा प्रश्न कंपनीत कोणी काढला नाही, पण काढला असता तर उत्तर होते. दिव्यांग कामगाराला कामावर ठेवणाऱ्या खासगी मालकाचा विम्याचा हिस्सा ठरावीक काळापर्यंत केंद्र सरकारने भरण्याची योजना २००८ पासून आहे. नोंदच नसल्याने या कंपनीने तीन वर्षे तिचा लाभ घेतलेला नव्हता. व्यवसाय कराचेही तसेच : महाराष्ट्रात कायमस्वरूपी शारीरिक अपंगत्व असलेल्यांना त्यातून सूट आहे, आणि नवे प्रमाणपत्र दिल्यावर ते महिन्याचे २०० रुपयेही थांबले.

जून ते सप्टेंबरचा कालावधी बंद झालेला असल्याने त्याचा भरणा थेट ऑनलाइन होईना. त्यासाठी प्रादेशिक कार्यालयाची परवानगी, उशिराबद्दल व्याज, पुन्हा पडताळणी असे होत होत जानेवारी २०२५ संपत आला. ज्याची भीती होती ते याच मधल्या काळात घडले. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत त्याला मोठा झटका आला आणि दवाखान्याच्या संगणकावर त्याच्या नावापुढे अपात्र असे दिसत होते. त्याला शासकीय रुग्णालयात दाखल केले. तिथे सलाईन, वेदनाशामके आणि रक्त, सर्व मोफत मिळाले. नऊ दिवस कामावर जाता आले नाही. भरणा नोंदवला गेल्यावर शासकीय रुग्णालयाचा दाखला विम्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने ग्राह्य धरला आणि आजारपणाचा लाभ मंजूर झाला. पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे म्हणून वगळले जातात, त्यामुळे सात दिवसांचे, दिवसाला सुमारे ५०० रुपयांप्रमाणे, साडेतीन हजारांच्या आसपास पैसे खात्यात आले. सिकलसेलचे झटके बहुधा तीन-चार दिवसांचे असतात. अशा छोट्या आजारपणात दोन दिवसांची ही वगळ निम्मी किंवा त्याहून अधिक भरपाई खाऊन टाकते, अपवाद फक्त आधीच्या आजारपणापासून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास. जन्मभर वारंवार येणाऱ्या वेदनेसाठी ही अट शिथिल व्हायला हवी असे मला ठामपणे वाटते.

शस्त्रक्रिया फेब्रुवारीऐवजी एप्रिल २०२५ मध्ये झाली, विम्याशी संलग्न रुग्णालयात, घरून एकही रुपया न भरता. त्यानंतर दहा आठवडे विश्रांती होती. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही, हे विमा कायद्याच्या कलम ७३ चे संरक्षण ठेकेदाराला आठवणीदाखल पत्राने कळवले होते, कारण त्याच्या जागी दुसरा माणूस पाहण्याची भाषा सुरू झाली होती. जूनच्या अखेरीस तो कामावर रुजू झाला. आता त्याला शिडीवर चढायचे काम दिले जात नाही. तो पॅनेल रूम पाहतो, पाण्याची बाटली टेबलावर उघड ठेवतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत त्याला रात्रपाळी लावली जात नाही. या तिन्ही गोष्टींना कंपनीला पैसा लागलेला नाही.

जे सुटलेले नाही

लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत मिळून आजारपणाचा लाभ ९१ दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही. जानेवारीचे सात आणि शस्त्रक्रियेनंतरचे अडुसष्ट दिवस धरता २०२५ च्या उरलेल्या सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे सोळा दिवस शिल्लक राहिले. ते पुरले, कारण तो डिसेंबर सौम्य गेला.

मोठा प्रश्न पुढच्या वेतनवाढीचा आहे. जुलै २०२५ पासून त्याचा पगार २४,३०० रुपये आहे. दिव्यांगांसाठीची २५,००० रुपयांची मर्यादा २०१७ मध्ये ठरली तेव्हापासून जागची हललेली नाही, आणि मधल्या वर्षांत कुशल कामगाराचे पगार बरेच पुढे गेले आहेत. आणखी एक साधी वाढ मिळाली की हा तरुण अंशदान कालावधी संपताच विम्याबाहेर जाईल. त्याला शासकीय रुग्णालयातले औषध आणि जन आरोग्य योजनेचे पाच लाख राहतील. आईवडिलांच्या गोळ्या, नियमित तपासण्या आणि झटक्यातल्या दिवसांची भरपाई राहणार नाही. ज्याचा आजार पगाराबरोबर संपत नाही त्याला पगारवाढ आणि विमा यांतून एक निवडायला लावणे हे धोरण म्हणून चुकीचे आहे.

यावरचा उपाय या योजनेच्या चौकटीबाहेर शोधावा लागत नाही. नोकरीत झालेल्या इजेने कायमचे अपंगत्व येऊन ज्याची नोकरी सुटली, त्या विमाधारकाला महिन्याला अवघे दहा रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. किमान पाच वर्षे विम्यात राहून निवृत्त झालेल्यालाही तसेच करता येते. म्हणजे नोकरी सुटल्यावरही अंशदान भरून विम्यात राहण्याचे तत्त्व मान्य आहे. मर्यादा ओलांडणाऱ्या दिव्यांग कामगाराला स्वतःचा आणि मालकाचा असे दोन्ही हिस्से भरून विम्यात राहण्याची मुभा दिली, तर २४,३०० रुपयांवर आज हा हिशेब महिन्याला ९७३ रुपयांच्या आसपास होतो, आणि हा तरुण तो आनंदाने भरायला तयार आहे. याच मागणीचे निवेदन त्याने, आता स्वतःच्या नावानिशी आणि आजाराचा स्पष्ट उल्लेख करून, विमा महामंडळाला आणि आपल्या खासदारांना पाठवले आहे. कंपनीकडूनही त्याने लिहून घेतले आहे की पुढची वेतनवाढ लागू करण्यापूर्वी तिचा विम्यावर होणारा परिणाम त्याला आधी कळवला जाईल.